मागच्या काकूंच्या माळ्यावरची पेटी

आमच्या गल्लीतल्या त्या सात खोल्यांच्या घराला दोन दारे आहेत. एक गल्लीत उघडते, दुसरे समुद्राकडच्या रस्त्यावर. गल्लीच्या दारात राहतात त्या मागच्या काकू आणि समुद्राच्या दारात राहतात त्या पुढच्या काकू. दोघी सख्ख्या जावा, दोघीही आता एकट्या, दोघीही पाहुण्यांना खोल्या देतात. मला त्या वयाने लहान, म्हणून मी त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणते. मागच्या काकू म्हणजे थोरली.

ही नावे गावाने ठेवली. ती पहिल्यांदा कानावर आली त्या दिवशी थोरली माझ्याकडे येऊन पाऊण तास बसली, चहाला हात लावला नाही, आणि उठताना म्हणाली, "मी लग्न होऊन ज्या दारातून आत आले, ते दार मागचं कधीपासून झालं, बाई?"

प्रश्न रास्त होता. माझ्या लहानपणी गल्लीतले दार हेच पुढचे दार होते आणि समुद्र घराच्या मागे होता. तिकडे धुणे वाळत घालायचे, राख टाकायची, मोडकी खुर्ची ठेवायची.

आमचे गाव मुळात मीठ आणि मासळीचे. माझ्या आजोबांच्या काळात एका डॉक्टरांची बायको छातीच्या दुखण्यातून इथे बरी झाली, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात इथल्या हवेचे गुण गायले. तीन वर्षांत आगगाडीचा फाटा आला आणि गाडीतून खोकणारी माणसे उतरू लागली. त्यांना डॉक्टरांचा सक्त हुकूम असे, हवा समुद्राची घ्या, पण वारा अंगावर घेऊ नका. म्हणून गावातले प्रत्येक घर समुद्राकडे पाठ करून बांधले गेले. चांगल्या खोल्या गल्लीकडे, समुद्राच्या बाजूला अडगळ. पुढे त्या दुखण्यावर गोळ्या निघाल्या, माणसे आपापल्या घरी बरी होऊ लागली, आणि काही वर्षे गाव इतके ओस पडले की स्टेशनमास्तरांनी फलाटावर दुधी लावले. मग सुट्टीत पोहायला येणारी कुटुंबे आली. किनाऱ्यावर कपडे बदलायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. ही मंडळीसुद्धा झोपायला गल्लीकडेच यायची. समुद्राकडे चालत जायचे, भिजायचे, परत यायचे. तो बिछान्यात पडल्या पडल्या बघायची गोष्ट आहे, असे कुणाच्या मनातही आले नव्हते.

अशा त्या दिवसांत, आजपासून चाळीस वर्षांपूर्वी, सात खोल्यांची वाटणी झाली. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवले आणि थोरल्याला म्हणाले, आधी तू निवड. थोरला साधा माणूस. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. दारात त्याची बायको पातेले पुसत उभी होती. तिने मान गल्लीच्या बाजूला हलवली, एकदाच. तेवढ्यात सगळे ठरले. गल्लीकडच्या चार खोल्या, स्वयंपाकघर आणि माळा थोरल्यांकडे. समुद्राकडच्या तीन खोल्या धाकट्यांकडे. मध्ये भिंत आणि एक अरुंद बोळ. धाकटीच्या लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. ती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि न्हाणीघराला छप्पर नसल्यामुळे साऱ्या गल्लीला ते कळले. थोरलीला तिची दया आली. तिकडे वारा फार म्हणून तिने आपल्या दोन चांगल्या रजया धाकटीला देऊन टाकल्या.

त्या रजयांची गोष्ट थोरली अजून सांगते. पहिली सात वर्षे ती समाधानाने सांगायची. सातव्या वर्षी किनाऱ्यालगत रस्ता झाला, रस्त्यावर दिवे लागले, आणि मोठ्या शहरातून आलेल्या एका जोडप्याने गल्लीत उभे राहून विचारले, "समुद्र दिसणारी खोली आहे का?" तेव्हापासून ती रजयांची गोष्ट सांगते ती दात आवळून.

बाकीचे सगळ्यांनी पाहिलेच आहे. आता रस्त्यावर सहा मजली काचेची हॉटेले आहेत. फाटा बंद झाला. स्टेशनच्या प्रतीक्षालयात भाड्याच्या सायकली मिळतात. मोटारबोटीमागे छत्रीला लटकून माणसे आकाशात जातात. खोल्या फोनवर ठरतात, घरांना फोनवरच चांदण्या मिळतात. धाकटीची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिथूनच आईच्या तीन खोल्या भरते. तिने खिडकीचा फोटो टाकला आहे; फोटोत खोली जवळजवळ नाहीच, नुसता समुद्र. गंमत एवढीच की आलेली माणसे किनाऱ्यावर गेली की समुद्राकडे पाठ करूनच उभी राहतात, स्वतःचा फोटो काढायला.

थोरलीच्या स्वयंपाकघराची एक खिडकी बोळात उघडते. धाकटीचे पाहुणे बोळातल्या नळावर पायाची वाळू धुतात आणि चपला तिथेच काढतात. त्यामुळे धाकटीकडे किती माणसे आली, कोणत्या ऐपतीची आली, लहान मुले आहेत की नाहीत, हे थोरलीला भाजी चिरता चिरता कळते. "आज अकरा जोड," ती मला सांगे. "दोन तर नुसते सोनेरी पट्ट्यांचे. असल्या चपला घालून वाळूत जातात का कुणी?" तिने धाकटीचे वाईट कधी केले नाही. धाकटीचा पाहुणा तापाने पडला तेव्हा हिनेच चार दिवस पेज करून दिली. पण रस्ता झाल्यापासून त्या तीन खोल्यांत तिने पाऊल टाकले नाही. बोलावले की गुडघे दुखायचे. धाकटा दीर गेला तेव्हा त्याचे शेवटचे दर्शनही तिने उंबऱ्याबाहेरून घेतले. लोकांना वाटले, दुःखाने पाय उचलला नाही. मला माहीत होते, आत गेली असती तर समोर खिडकी आली असती.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे होती आणि धाकटीकडे नव्हती. पेट्या.

आमच्या गावात नेमाने येणारा पाहुणा परत जाताना आपले समुद्राचे सामान घरमालकिणीकडे ठेवून जातो. कापडी बूट, टॉवेल, टोपी, अर्धे वाचलेले पुस्तक. त्यासाठी एक पत्र्याची पेटी, तिच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर पाहुण्याचे नाव आणि तो आला ती साले, एकाखाली एक, त्याच्याच अक्षरात. पेट्या माळ्यावर राहतात. मोसमाच्या आधी मालकीण त्या गल्लीत काढून झाकणे उघडते आणि सामानाला ऊन दाखवते. नियम दोनच. पेटी घराबाहेर जाते ती फक्त धन्याच्या हातून. त्याने नेली की तो पाहुणा त्या घराचा राहिला नाही. आणि तीन मोसम धनी आला नाही, तर पेटी रिकामी करून सामान वाटून टाकायचे. एकेकाळी गावातल्या बायका एकमेकींची योग्यता पेट्यांवरून ठरवायच्या. थोरलीकडे त्रेचाळीस होत्या. तिच्याकडे त्या उन्हात मांडल्या की गल्लीतून सायकल जायला वाट उरत नसे, आणि धाकटी नेमकी त्याच सकाळी काहीतरी उसने मागायला यायची. आली की पेट्यांकडे बघत उभी राहायची. तिच्या खोल्या भरलेल्या असत, पण फोनवरून आलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही, आणि आला तरी कापडी बूट मागे ठेवत नाही.

त्रेचाळीसच्या वीस झाल्या, वीसच्या सहा. माणसे म्हातारी झाली, गेली. मुलांनी पत्र पाठवून पेटी मागवली किंवा तेही केले नाही. यंदा माळ्यावर एकच पेटी उरली होती, नकाशेवाल्यांची.

नकाशेवाले म्हणजे सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढणारे, आता निवृत्त झालेले गृहस्थ. आठ वर्षांचे असताना आजारी आईबरोबर या घरी पहिल्यांदा आले, आणि नंतर दरवर्षी, त्याच तीन आठवड्यांत, त्याच दोन नंबरच्या खोलीत. मोजके बोलणारे, अंग नेटके, बुटांना दोन वेळा पॉलिश. येण्याआधी त्यांचे कार्ड येई: "दोन नंबर, नेहमीप्रमाणे." यंदा कार्ड आले नाही. थोरलीने टपालखात्याला नावे ठेवली आणि ठरल्या तारखेला दोन नंबरची चादर बदलली. पेटीतल्या सामानाला दोन दिवस ऊन दाखवले. निळ्या काठाचा त्यांचा मग घासून खिडकीत ठेवला.

त्या दुपारी काय झाले ते तिने मला तीन वेळा सांगितले, आणि तिन्ही वेळा एकाच शब्दांत. "रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली, बाई. थांबली. मी दारात होते, माझा पदर त्यांना दिसला असेल. थांबली, आणि वळली."

रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्याने गेली. तासाभराने बोळातल्या नळापाशी, रबरी आणि सोनेरी चपलांच्या रांगेत, काळ्या नाडीच्या बुटांचा एक जोड होता. डाव्या बुटाची नाडी मध्येच तुटून गाठ मारलेली. ती गाठ तीन वर्षांपूर्वी थोरलीनेच मारून दिली होती.

त्या दिवसानंतर ती पेटीची राखण करत बसली. पेटी तिच्याकडे होती म्हणजे नकाशेवाले अजून तिचे होते. न्यायची तर त्यांना स्वतः यावे लागणार होते, दारात उभे राहावे लागणार होते, आणि तिच्या तोंडाकडे बघून सांगावे लागणार होते. काय बोलायचे ते तिने ठरवून ठेवले होते. मला म्हणूनही दाखवले. चांगले लांबलचक होते.

ते आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी बाजारात दोघी जावा एकाच भाजीवाल्यापुढे आल्या. धाकटी गोड आवाजात म्हणाली की नकाशेवाले बरे आहेत, वारा सोसत नाही म्हणतात, पण खिडकी काही सोडत नाहीत. थोरली टोमॅटो चाचपत होती. ती म्हणाली, "खिडकी मिळाली की सगळेच धरून बसतात. तुझी भाजी घे, वाळेल."

पाचव्या दिवशी धाकटी गल्लीच्या दारात आली. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. तिने बराच वेळ इकडचे तिकडचे केले, पाणी मागून प्यायली, आणि मग म्हणाली, "ताई, त्यांची पेटी हवी होती."

"कुणाला?"

"त्यांना. आतले कागद लागतायत म्हणे."

"ज्याची पेटी त्याने न्यावी. तुला ठाऊक आहे."

"त्यांचे गुडघे फार दुखतात, ताई."

"माझे काय भाड्याने आणलेत?" थोरली म्हणाली. "चाळीस वर्षं तुला खोल्या पुरल्या. आता माझा माळा पण हवाय?"

धाकटीचा चेहरा उतरला. ती गेली, पण बोळाच्या कोपऱ्यावर थांबून वळली आणि म्हणाली, "माझ्याकडे एक तरी पेटी असावी असं मला वाटू नये का?" हे तिने अगदी साधेपणाने विचारले. आपल्याकडे कुणाला हेवा वाटण्यासारखे काही आहे, हे थोरलीच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

म्हणून ती जास्तच चिडली. तरातरा शिडी लावून माळ्यावर चढली आणि पेटी खाली घेऊन आली. दारात, भर गल्लीत ठेवणार म्हणाली. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावी आणि विचारावे, ही कुणाची, तो कुठे आहे. पेटी आपटली तसे झाकण उघडले आणि आतली कागदांची सुरळी घरंगळत माझ्या शेंगांत आली.

त्या सुरळीला थोरलीने वर्षानुवर्षे ऊन दाखवले होते, दोरा मात्र एकदाही सोडला नव्हता. पाहुण्याच्या वस्तू उन्हात ठेवायच्या, उचकायच्या नाहीत, हे ती कसोशीने पाळायची. त्या दिवशी तिने दोरा सोडला. आम्ही दोघींनी दोन नंबरच्या पलंगावर कागद पसरले. अठ्ठेचाळीस होते, नोकरीला लागल्यापासूनचे, पातळ, आरपार दिसणारे, प्रत्येकावर साल. प्रत्येकावर एकच नकाशा, आमच्या किनाऱ्याचा त्या वर्षीचा.

चष्मा तिला सापडेना, अक्षर बारीक होते, म्हणून मी वाचत गेले. मध्ये सात खोल्यांचा एक चौकोन, म्हणजे हे घर. त्यातली दोन नंबरची खोली शाईने काळी केलेली. घराच्या पलीकडे वाळूच्या टेकड्या, सुरूची झाडे, कपडे बदलायच्या खोल्यांची रांग, मग पाणी. कोपऱ्यात आकडा: घरापासून भरतीच्या रेषेपर्यंत किती पावले. पहिल्या कागदावर तीनशे नव्वद. थोरलीच्या पहिल्या मुलाच्या सालात तीनशे साठ. वाटणीच्या साली चौकोनात मधोमध एक रेघ आली होती. कुणी न सांगता त्यांनी ती नोंदली होती. मग टेकड्या नाहीशा झाल्या, झाडे आठ उरली, तीन उरली, रस्ता आला, लाकडी खोल्या गेल्या. पाण्याची रेषा कागदाकागदाने घराकडे सरकत होती. दोन नंबर मात्र दरवर्षी काळी. गेल्या वर्षीचा आकडा शहाण्णव.

थोरलीने पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून बोटाने अंतर मोजले, चौकोनाच्या समुद्राकडच्या तीन खोल्यांपर्यंत.

"बघा," ती म्हणाली, "समुद्रसुद्धा तिच्याकडेच सरकतोय."

मला हसू फुटले. ती रागाने माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिलाही हसू आले, थोडेसेच. ते विरल्यावर म्हणाली, "गेल्या वर्षी मोजताना वाळूत दोनदा बसले होते ते. मीच हात देऊन उठवलं. शेवटची वीस पावलं मी मोजली." ती एकदम उभी राहिली. कागद सालवार लावून सुरळी बांधली, पेटीत ठेवली, आणि मला म्हणाली, दुसरी कडी धरा.

पेटी जड नव्हती. बोळातून दहा पावलांत पोचलो असतो, पण ती बोळातून गेली नाही. गल्लीच्या टोकाला वळसा घालून रस्त्याने गेली, मधल्या घरांसमोरून, मान ताठ ठेवून. धाकटीने दार उघडले आणि पेटी बघून बाजूला झाली. थोरलीने उंबरा ओलांडला.

खोलीत वाऱ्याची शीळ चालू होती. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या. नकाशेवाले खुर्चीत बसले होते, खांद्यावरून रजई घेऊन, आणि ती रजई ओळखायला थोरलीला क्षणभरही लागला नाही. रंग उडाला होता, काठ तोच होता. ते उठायला लागले. तिने बसा म्हटले आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. लांबलचक बोलणे ती विसरली असावी.

"दोन नंबरमध्ये काय कमी पडलं ते सांगा."

"कमी काही पडलं नाही, वहिनी."

"मग?"

"तिथून समुद्र दिसत नाही," ते म्हणाले.

तेहतीस वर्षे हे वाक्य गावभर फिरत होते, पण तिच्या तोंडावर कुणी म्हटले नव्हते. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. नकाशेवाल्यांनी मग सगळे सांगितले. वाळूत आता चालवत नाही. खिडकीत बसून खुणा करता येतील असे वाटले. कार्ड दोनदा लिहिले आणि फाडले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली होती, दार उघडे दिसले, दारात त्या दिसल्या, आणि काय सांगावे ते सुचेना, म्हणून वळवली. पेटी मागायला स्वतः यायचे होते. रोज उद्या म्हणत होते. एवढे बोलून ते दमले. धाकटी मध्येच म्हणाली की पावले तिने मोजून दिली आहेत, एकशे दहा भरली.

"एकशे दहा?" थोरली म्हणाली. "गेल्या साली शहाण्णव होती. समुद्र काय मागे गेला?"

नकाशेवाले हळूच म्हणाले की म्हणूनच जुने कागद हवे होते. काहीतरी चुकते आहे.

"चुकणार नाही तर काय. हिची पावलं चिमणीसारखी. मी जाते."

"मी मोजलंय ना, ताई," धाकटी म्हणाली.

"परत मोज. माझ्याबरोबर."

भरती पूर्ण चढायची त्यांनी वाट पाहिली, आणि मग दोघी जावा निघाल्या. थोरलीचे गुडघे त्या दिवशी कुठे गेले कोण जाणे. दोघी मोठ्याने मोजत होत्या आणि एकमेकींच्या आकड्यांनी चुकत होत्या, म्हणून दोनदा परत येऊन पहिल्यापासून सुरुवात झाली. आकाशात छत्रीला लटकलेला कुणीतरी ओरडत होता. त्याच्याकडे दोघींनी पाहिले नाही. थोरलीची ब्याण्णव झाली, धाकटीची एकशे आठ. कुणीच मागे हटेना. नकाशेवाल्यांनी एकोणपन्नासाव्या कागदाच्या कोपऱ्यात दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक. पुढे दोघींना विचारून कंसात लिहिले: थोरल्या, धाकट्या. चौकोनात कोणती खोली काळी केली ते त्यांनी आम्हाला दाखवले नाही.

उरलेले दिवस ते समुद्राच्या खोलीतच राहिले. थोरलीने दोन नंबर दुसऱ्या कुणाला दिली नाही. निळ्या काठाचा मग मात्र तिने पेटीबरोबरच धाकटीकडे नेऊन दिला होता, घासलेला. जाताना ते गल्लीच्या दारात आले, पाच मिनिटे बसले, दोघेही हवेबद्दल बोलले. पेटी त्यांनी चिठ्ठीवर साल घालून धाकटीच्या खोलीत ठेवली होती.

थोरलीने माळ्याची शिडी काढून भिंतीला लावली. आता वर जायचे कारण नाही म्हणाली. ते दिवस मला तिच्याकडे जाणे जड जाई. ती बोळातली खिडकीसुद्धा उघडत नसे.

मोसम संपल्यावर नवव्या दिवशी धाकटी आली. दोन्ही हातांत पेटी, एकटीने उचललेली. तिने ती गल्लीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि झाकणाची कड दाखवली. एवढ्यातच गंज धरला होता. समुद्राकडे माळा नाही, भिंती खारट, कपाटातले कागद दमट होतात.

"ताई, ही तुमच्या माळ्यावर ठेवाल का?"

थोरलीने पेटीकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे. "पेटी कुणाची?"

"त्यांची."

"ते झालं. घर कुणाचं?"

धाकटी झाकणाचा गंज नखाने खरवडत राहिली. ती माझे घर म्हणाली असती तर थोरलीने दार लावले असते, आणि तुमचे म्हणाली असती तर तिच्या आयुष्यातली एकुलती एक पेटी गेली असती. ते मला दिसत होते, दोघींनाही दिसत होते.

शेवटी थोरलीच बोलली. "तुझी म्हणून ठेवते. पण ऊन दाखवायला तू यायचं. शिडी चढायची, उतरवायची, बूट झटकायचे, कागद पसरायचे. मी हात लावणार नाही."

"येईन."

"वर्षातून एकदा पुरत नाही. महिन्यातून एकदा तरी लागतं. आणि तू इथे असशील तेवढा वेळ मी तुझ्या खिडकीत बसेन."

धाकटीने मान हलवली. हसायचे की नाही ते तिला कळत नव्हते. थोरलीने शिडी पुन्हा माळ्याला लावली.

गेल्या आठवड्यात मी थोरलीकडे गेले तर दारात धाकटी मांडी घालून बसलेली, पुढे एकच पेटी उघडलेली, बुटांच्या आतली वाळू ती काडीने काढत होती, एकेक कण. सायकलवाल्याला तिने बाजूने जा म्हणून दटावले, वाट भरपूर होती तरी. थोरली तुझ्याकडे का, विचारले तर मान वर न करता हो म्हणाली.

मी वळसा घालून गेले. थोरली खिडकीत होती, रजई पायांवर घेतलेली. पाहुणे नव्हते, रस्ता मोकळा होता, पाणी राखाडी आणि बरेच जवळ. मला बघून म्हणाली, "वारा फार आहे. कड्या गंजल्यात. पडद्याला मिठाचा वास येतो. कसल्या खोल्या या."

मग ऊठ, मी म्हटले, ऊन उतरत आलंय, पेटी भरली असेल तिने.

थोरलीने खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ ओढली. तासभर तरी लागेल अजून, ती म्हणाली, तिला कागद सालवार लावता येत नाहीत.